माइक दाबा, बाकीचं ऐकणारे बघून घेतील

टाइप करणं सोडा बघू. चष्मा कपाळावर चढवून अंगठ्याने 'ळ' शोधायचा, काना राहिला म्हणून मुलीची बोलणी खायची आणि एवढं करून समोरचा चार सेकंदांत वाचून 'बरं' म्हणून मोकळा. यात तुमच्या पदरात काय पडलं? व्हॉट्सॲपने 2013 मध्ये तो हिरवा माइक दिला तो तुमच्यासारख्यांसाठीच. दाबा आणि सुरू करा. काय बोलायचं ते आधी ठरवू नका. बोलता बोलता सुचतं. नाहीच सुचलं तरी ऐकणारा थांबतो, जातो कुठे?

लिहिलेल्यावरून नजर फिरवता येते, आवाजावरून फिरवता येत नाही. सगळी गंमत इथेच आहे. पाच मिनिटांच्या निरोपात कामाचं वाक्य कुठे दडलंय हे कळायला पाच मिनिटंच लागतात. 2021 मध्ये दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकायची सोय करून काही शत्रूंनी तुमच्या वाटेत काटे पेरले खरे, पण त्यालाही उतारा आहे. मुळात अडखळतच बोला. "हां... तर... काय बरं म्हणत होतो मी..." दुप्पट वेगात ऐकूनही तुम्ही काय म्हणत होतात ते कळत नाही. कळत नाही एवढंच फक्त लवकर कळतं.

सुरुवातीचे दहा-बारा सेकंद फोनशी न बोलता घरच्यांशी बोला. "अगं, झालं का चालू? लाल दिसतंय काहीतरी. बोलू का?" मग नमस्कार. मग स्वतःचं संपूर्ण नाव. स्क्रीनवर नाव दिसत असतं, फोटोही दिसत असतो, पण वडिलांच्या नावासकट उच्चारलेल्या नावाचा रुबाब वेगळाच. पार्श्वसंगीताला कुकर ठेवा. तिसरी शिट्टी झाली की "एक मिनिट हं" म्हणून उठा, मात्र रेकॉर्डिंग थांबवू नका. 2017 पासून बोट वर सरकवलं की माइकला कुलूप लागतं, तेव्हा दोन्ही हात मोकळे. गॅस बंद करा, आमटी हलवून बघा, दारावर कोण आलंय ते बघून या आणि मग "तर मी काय सांगत होतो" म्हणत परत या. इकडे ठाण्यात बसलेल्या तुमच्या मेव्हण्याला तुमच्या आमटीची फोडणी ऐकू आली पाहिजे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या कलेत फार पुढे गेलेले आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी ग्रुपवर 5 मिनिटं 40 सेकंदांचा निरोप टाकला. आरंभी मागच्या सभेला कोरम का झाला नाही याची मीमांसा होती. मग लिफ्टचं वार्षिक कंत्राट, मग कुत्री फिरवणाऱ्यांना उद्देशून काही कडवट वाक्यं, मग त्यांच्या गुडघ्याची खबरबात. त्यानंतर चौथ्या मिनिटाच्या शेवटी, घसा खाकरून, "बाकी उद्या सकाळी सातपासून टाकी धुणार आहेत, पाणी रात्रीच भरून ठेवावं." खाली अठरा अंगठे आणि दोन 'धन्यवाद सर'. दुसऱ्या दिवशी सव्वासातला तिसऱ्या मजल्यावरचे काका टॉवेल गुंडाळून, डोक्यावर शाम्पूचा फेस घेऊन जिन्यात उभे. सेक्रेटरी खालून शांतपणे म्हणाले, "क्लिपमध्ये सांगितलं होतं." काकांचाही अंगठा त्या अठरांत होता, त्यामुळे विषय तिथेच संपला. फळ्यावर खडूने एक ओळ लिहिली असती तर माणसं पाणी भरून मोकळी झाली असती आणि सेक्रेटरींना कुणी काही विचारलंही नसतं.

आता गाणाऱ्यांकडे वळू. पूर्वी रेडिओवर गायचं तर आकाशवाणीची स्वरचाचणी द्यावी लागायची. नापास झालात तर घरी. पास झालात तर 'बी' श्रेणी, मग 'बी हाय', मग 'ए', आणि 'टॉप'पर्यंत पोचायला उभा जन्म. केवढा हा छळ! आता कॅराओकेचं ॲप उतरवून घ्यायचं, नागपूरच्या कुणा अनोळखी बाईंनी अर्धं गाऊन ठेवलेल्या द्वंद्वगीतात आपलं अर्धं घालायचं आणि इको शेवटपर्यंत वाढवायचा. इको भरपूर असला की सूर नेमका कुठे लागला हे गाणाऱ्यालाही कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. सकाळी सहाला कुटुंबाच्या, शाळेच्या, बँकेतल्या निवृत्तांच्या आणि मूळव्याधीवरच्या आयुर्वेदिक उपचारांच्या अशा चारही ग्रुपवर एकदम टाका. श्रेणी लगेच मिळते. मेव्हणा लिहितो, 'जबरदस्त'. लिहिल्याची वेळ बघू नका. चार मिनिटांचं गाणं पडल्यावर नऊ सेकंदांत 'जबरदस्त' आलेलं असतं.

ऐकणाऱ्यांनाही थोडं शिकवायला हवं. फोन कानाला लावला की आवाज हळू होऊन कानातल्या कानात येतो. ही सोय विसरा. फोन पापडासारखा आडवा तळहातावर धरा आणि स्पीकरवर लावा, शक्यतो बसमध्ये. परवा पीएमपीत मागच्या सीटवरून मला एका संपूर्ण अनोळखी घराच्या वाटणीचा तपशील समजला. धाकट्याने विहीर मागितली होती. थोरल्याचं उत्तर यायला आणि माझा थांबा यायला एकच गाठ पडली. अजून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

स्वतः बोलायचा कंटाळा आला असेल तर दुसऱ्याचं पुढे ढकला. फॉरवर्ड करण्याचा एकच नियम, आधी ऐकायचं नाही. ऐकलं की शंका येते, शंका आली की हात थांबतो. चांगल्या क्लिपची खूण अशी की बोलणारा "मी डॉक्टर" म्हणतो आणि नेमकं आडनावाच्या वेळी मागे हॉर्न वाजतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये असे बिनआडनावाचे डॉक्टर घरोघर बोलत होते आणि आपण त्यांच्या शब्दाखातर हळदीचे किती काढे प्यायलो याचा हिशेब नाही. हेच कुणी लिहून पाठवलं असतं तर आपण 'कुणी लिहिलंय?' म्हणून विचारलं असतं. आवाजाला कुणी विचारत नाही. धाप लागलेला, किंचित घोगरा, "मी हात जोडून सांगतो" म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल? त्याच वर्षी एप्रिलपासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आलं आणि त्याच्या डोक्यावर दोन बाण दिसत असतात. घाबरू नका. बायकोच्या फोनवर ती क्लिप लावा, शेजारी आपला फोन धरून रेकॉर्ड करा. बाण गेले आणि आता ही बातमी तुमच्याच घरून निघाली.

2018 मध्ये मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा निरोपांची चलती होती. त्या वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. तसले निरोप पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांनी राईनपाडा नकाशावरसुद्धा पाहिलेलं नसेल. त्यांनी काळजीपोटी पाठवलं होतं. तुम्हीही काळजीपोटीच पाठवा. खाली 'खरंखोटं माहीत नाही, आलं तसं पाठवतोय' एवढी ओळ जोडली की हात झटकून जेवायला बसता येतं. ग्रुपचे ॲडमिन असाल तर आणखी निश्चिंत राहा. सभासदाने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलेलं आहे. टाकणाऱ्याला अशी सूट दिलेली नाही, पण एवढं पुढचं वाचत बसायला आपल्याला वेळ कुठे आहे?

राजकारणात उतरायचा विचार असेल तर फोन रेकॉर्ड करायला शिकणं हे पहिलं काम. भाषण, मोर्चा, सतरंज्या उचलणं हे सगळं नंतर. एखाद्या साहेबांना किंवा अधिकाऱ्याला फोन लावायचा आणि तो तापेल असं बोलायचं. स्वतः मात्र साखर घोळवायची. कोण कुणाचं रेकॉर्ड करतंय ते क्लिप ऐकून लगेच ओळखू येतं. रोज ज्याला 'ए भाऊ' म्हणतो त्यालाच आज तो म्हणत असतो, "म्हणजे आपण, या तालुक्याचे जबाबदार अधिकारी, आज गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता, मला असं सांगताय की..." समोरचा बिचारा तोंडात तंबाखू ठेवून मनापासून शिव्या देत असतो. रेकॉर्डिंगच्या वेगळ्या ॲपांची वाट गूगलने 2022 मध्ये बंद केली आणि बऱ्याच फोनांत आता रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं एक बाई दोघांनाही जाहीर करतात. तेव्हा स्पीकर चालू करून शेजारी पुतण्याचा फोन ठेवा. पुढचं वाहिन्या बघतात. 'या क्लिपची पुष्टी आम्ही करत नाही' असं खाली लिहून ती दिवसभर वाजवतात. पुष्टी केली असती तर किती वेळा वाजवली असती, देव जाणे.

आणि तुमचीच क्लिप बाहेर आली तर? एके काळी 'वाक्याचा विपर्यास केला' असं म्हणावं लागायचं, ते आता जुनं झालं. आता सरळ 'आवाज माझा नाही, एआयचा आहे' म्हणायचं. 2024 च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री निवडणुकीसाठी बिटकॉइन, म्हणजे आभासी चलन, वापरण्याबद्दलच्या बोलण्याच्या क्लिप फिरल्या, तेव्हा ज्यांचे म्हणून ते आवाज सांगितले गेले त्यांनी ते आपले नाहीत असं सांगितलं. पण मतदार सकाळी सातला रांगेत उभा राहणार, त्याने रात्रीतून आवाज तपासून घ्यायचा कुठे? त्यामुळे सध्या फार सोयीचे दिवस आहेत. खरी क्लिप खोटी म्हणता येते, आणि खोटी क्लिप 'पण आवाज तर त्यांचाच वाटतो बुवा' म्हणून खरी मानता येते.

एक धोक्याची सूचना, अनुभवाची आहे म्हणून देतो. ते सेक्रेटरींचं गुडघेपुराण ऐकून मी बायकोला एक छोटा निरोप पाठवला. चौदा सेकंदांचा. त्यात 'कोरम', 'गुडघा' आणि एक तिसरा शब्द होता. तो गेला सोसायटीच्या ग्रुपवर. पाठवलेलं सगळ्यांकडून पुसायला हल्ली दोन दिवसांहून जास्त मुदत मिळते, तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी घाबरलो आणि 'सगळ्यांसाठी पुसा'च्या ऐवजी 'माझ्यापुरतं पुसा' दाबलं. ते परत आणायला पाच सेकंद मिळतात. त्या पाच सेकंदांत मी चष्मा शोधत होतो. आता तो निरोप इमारतीत सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही. नेमकं काय बोललो होतो ते आठवायचं झालं तर मला तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं. काका आवडीने ऐकवतात.

एरवी कुणी काही ऐकत नाही, हा सगळ्यात मोठा दिलासा. दापोलीची आमची आत्या मे महिन्यात कुटुंबाच्या ग्रुपवर सहा मिनिटं बोलली. आंब्याला यंदा मोहोर कसा आला, माकडांनी काय केलं, पडवीचं कौल कुणी बदललं. आम्ही सगळ्यांनी लगोलग 'मस्त आत्या', 'गावची आठवण आली', 'काळजी घे' असं लिहिलं. कुणीतरी नाचणारं बाळसुद्धा टाकलं. गुरुवारी दुपारी ती स्वारगेट स्टँडवर उतरली. एका हातात पिशवी, पायाशी गोणपाटात अख्खा फणस. आजूबाजूला कुणी नाही. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली होती, "गुरुवारच्या गाडीने येत्ये, फणस जड आहे, कुणीतरी न्यायला या रे."

अर्धा तास वाट बघून तिने तिथेच उभं राहून आणखी एक निरोप बोलून पाठवला. त्यालाही आम्ही अंगठा दिला.

शेवटी एका रिक्षावाल्याने फणस उचलून आत ठेवला, तिला घरी आणून सोडलं आणि वाटेत निरोपाचा 'इन्फो' कसा बघायचा तेही शिकवलं. निळ्या टिका बंद करून ठेवता येतात, आवाज ऐकल्याची निळी खूण मात्र लपवता येत नाही. आत्या सोफ्यावर बसली, पाणी प्यायली, फोन उघडला आणि आमची एकेकाची नावं मोठ्याने वाचायला लागली.