केस मागे घ्यायचा कागद लिहिला कोणी, ते आधी बघा

हल्ली घरी फोन केला की हाच वाद ऐकायला मिळतो. नवराबायकोत मिटलं, तिने शपथेवर लिहून दिलं की माझी आता काही तक्रार नाही, मग सासरच्या छळाची ४९८अ ची केस तिथल्या तिथे बंद का होत नाही, हायकोर्टात कशाला जावं लागतं? काका म्हणतात, जिने तक्रार केली तिलाच नको असेल तर सरकारला काय पडलंय. मावशी म्हणते, अमेरिकेत बघा, बाईने माघार घेतली तरी सरकार सोडत नाही, तसंच पाहिजे. मी टेक्सासमध्ये राहते आणि मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

इथे मारहाण झालेल्या बाईला नोटरीसमोर सही करून लिहून देता येतं की मला ही केस चालवायची नाही. त्याला ॲफिडेव्हिट ऑफ नॉन-प्रॉसिक्यूशन म्हणतात. पण केस असते 'स्टेट ऑफ टेक्सास विरुद्ध अमुक', त्यामुळे ती सोडायची का चालवायची हे प्रॉसिक्यूटर, म्हणजे सरकारी वकील, ठरवतो, तिच्या कागदाने तो बांधला जात नाही, उलट तिलाच समन्स काढून साक्षीला बोलावू शकतो. ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला केलेला कॉल, पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं फुटेज, जखमांचे फोटो हे सगळं त्याच्याकडे असतंच. जीव वाचवायला मदत मागताना ती फोनवर जे बोलली ते, ती साक्षीला आली नाही तरी वापरता येतं, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये डेव्हिस केसमध्ये सांगितलंय. पण नंतर पोलिसांना शांतपणे दिलेला जबाब सहसा तसा वापरता येत नाही, म्हणून ती फिरली की केस लंगडी पडतेच. मावशीला वाटतं तितकं इथलं सरकारही पक्कं नाही.

मला खरी काळजी वाटते ती कागद कुठे तयार होतो याची. बऱ्याचदा तो आरोपीच्या वकिलाच्या ऑफिसात टाइप होतो. आपल्याकडून एच-४ वर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेली मुलगी असेल तर तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला, तो दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढू शकतात आणि मग तिलाही जावं लागणार, मुलांची शाळा, घर, सगळं गेलं. सासरचे फोनवर रडतायत. अशा वेळी ती सही करते, आणि कोणीच तिला सांगत नाही की गुन्ह्याच्या बळींसाठी यू व्हिसा असतो, वर्षाला १०,००० च मिळतात, रांग लांब आहे, पण त्यासाठी तिने तपासाला सहकार्य केलं असं पोलिसांनी किंवा प्रॉसिक्यूटरने लिहून द्यावं लागतं. या सहीने तेच धोक्यात येऊ शकतं.

आता आपल्याकडचं. १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आणि ८६ आलं, तरी मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या केंद्राच्या यादीत ते नाही, म्हणून हायकोर्टात क्वॅशिंग, म्हणजे केस रद्द करून घेणं. २००३ च्या बी. एस. जोशी आणि २०१२ च्या ग्यान सिंग निकालापासून नवराबायकोची भांडणं अशी मिटवता येतात, खून-बलात्कार नाही. आणि ही अट किती गरजेची आहे ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसलं, राजस्थानात शिक्षकावरची, अल्पवयीन मुलीच्या लैंगिक छळाची पॉक्सोची केस हायकोर्टाने समझोत्यावर रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने ती परत उभी केली. तो समझोता मुलीच्या वडिलांनी केला होता!!

काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तिला खरंच थकून सुटायचं असेल, पोटगी घेऊन नवीन आयुष्य सुरू करायचं असेल, तर वर्षानुवर्षं तारखांना फिरवणं हाही तिच्यावर अन्यायच आहे. पण पोटगीचा शेवटचा हप्ता क्वॅशिंगच्या दिवशी ठेवलेला, सासरची माणसं मागे बसलेली, आणि 'स्वखुशीने सही केली ना' या प्रश्नावर ती मान हलवते, याला मी मर्जी म्हणणार नाही. तिला एकटीला बसवून विचारा, तिचा स्वतःचा वकील असू दे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग सहीच्या आधी तो भेटलाच पाहिजे असा नियम का करू नये? खोट्या केसेस असतात, नाही म्हणत नाही, पण खोटी असेल तर तेही असं एकटीला विचारल्यावरच बाहेर येईल.

आणि ज्यांच्या घरात आत्ता असा कागद समोर आहे त्यांनी तो ओळ न् ओळ वाचा. 'मला केस पुढे चालवायची नाही' एवढंच लिहिलंय, की खाली हळूच 'असं काही घडलंच नव्हतं, मी रागात सांगितलं' हेही घातलंय? इथे पोलिसांना खोटं सांगणं गुन्हा आहे, आपल्याकडेही आहे, आणि घडलेलं असताना घडलं नाही असं शपथेवर लिहिणं हा तर आणखी वेगळा गुन्हा. उद्या परत हात उचलला गेला तर तिच्यासमोर पहिल्यांदा हाच कागद धरतील. ते वाक्य आधी खोडायला लावा, सहीचं नंतर बघू.