दोन प्रतले एका बिंदूत छेदत नाहीत

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक आकृती फिरते आहे. दोन कागद फक्त कोपऱ्याला कोपरा लावून टेकलेले आणि खाली लिहिलंय, ‘दोन प्रतले एका बिंदूतही छेदू शकतात.’ हे चूक आहे. परीक्षेत असं लिहू नका, मार्क जातील.

गोंधळ कागदामुळे होतो. कागदाला कडा असते, प्रतलाला नसते. ते चारही बाजूंना अमर्याद पसरलेलं असतं. तेच दोन कागद मनातल्या मनात वाढवत न्या. कोपऱ्यातून एक अख्खी रेषा निघालेली दिसेल.

आकडेमोड करूनच बघा ना. एक प्रतल क्ष + य + झ = ६, दुसरं क्ष − य + झ = २. वजाबाकी केली की २य = ४, म्हणजे य = २, आणि उरतं क्ष + झ = ४. आता क्ष हवा तो घ्या, झ आपोआप ठरतो: (४, २, ०), (१, २, ३), (०, २, ४)... असे अगणित बिंदू, सगळे एकाच रेषेवर.

समांतर प्रतलं मात्र भेटतच नाहीत. क्ष + य + झ = ६ आणि २क्ष + २य + २झ = ९ ही त्यातलीच जोडी. उजवीकडे ९ ऐवजी १२ असते, तर दोन्ही समीकरणं एकाच प्रतलाची झाली असती.

एकच बिंदू हवा असेल तर तिसरं प्रतल लागतं. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, तसं. चार मितींच्या अवकाशात दोन प्रतलं खरोखरच एका बिंदूत भेटू शकतात, पण शाळेतली भूमिती तीन मितींची आहे.