उंचवटे लागले म्हणजे हाताने रंगवलेलं? नाही

व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’ची (१८८९) प्रतिकृती घेताना ‘हाताला उंचवटे लागले की चित्र हाताने रंगवलेलं’ असं सांगितलं जातं. हे चूक आहे. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारले तरी उंचवटे येतात. भिंग लावून पाहा: छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि जेलचा फटकारा खालच्या रंगाची कड सोडून भलतीकडेच जातो. तैलरंगात रंग आणि उंचवटा एकच. ओल्या निळ्यावर ओढलेला पिवळा कडेला हिरवट होतो.

मापही विचारा. मूळ चित्र ७३.७ × ९२.१ सेंटीमीटर, म्हणजे उंची-रुंदीचं प्रमाण साधारण ४:५; २४ × ३६ इंचांचं प्रमाण २:३, त्यामुळे अशा प्रतीत चित्र ताणलेलं तरी असतं, नाहीतर कापलेलं. गुंडाळून आणताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवल्यास जाड थर दबून सुटतो.