सीमा सील करून भागेल का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सीमा सील करा, अमली पदार्थांच्या तस्करांना फाशी द्या, तालिबानने करून दाखवलं. तुम्ही मात्र जवानांच्या मेहनतीवर पाणी ओतता,' असं तुमचं म्हणणं. 'कुंपण शोभेपुरतं' हे माझ्या लेखातले शब्द उद्धट होते, मागे घेतो. बाकीचं मात्र नाही.

पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर कुंपण तीसेक वर्षं उभं आहे. आधी तारांमधून प्लास्टिकचे पाइप सरकवून हेरॉइनची पाकिटं यायची. पहारा वाढला, तसे ड्रोन आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये बीएसएफची सीमेपासून आत कारवाई करण्याची हद्द १५ किलोमीटरवरून ५० वर नेली. त्याच्या आदल्याच महिन्यात गुजरातच्या मुंद्रा बंदरात २,९८८ किलो हेरॉइन सापडलं. दोन कंटेनर, कागदावर शंखजिरं, अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेलं. ड्रोनने फेरीला तीन किलो आणलं म्हटलं तरी हजार फेऱ्या होतील! आणि ते पकडलं डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने), बंदरात बसून.

फाशीचं म्हणाल तर ती कायद्यात आहेच. मोठ्या साठ्यासह दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यांना ती सक्तीची होती. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, २०१४ च्या दुरुस्तीने निर्णय न्यायाधीशांवर सोपवला. सक्ती होती तेव्हा तस्करी थांबली होती का, हे तुम्हीच आठवून पाहा.

तालिबानचा मुद्दा मात्र वजनदार आहे, मान्य. एप्रिल २०२२ च्या बंदीनंतर वर्षभरात अफूची लागवड सुमारे ९५ टक्के घटली, असं संयुक्त राष्ट्रांची पाहणी सांगते. पण त्याच २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमार जगात पहिला आला. म्हणजे आपल्या मणिपूर-मिझोरामच्या उंबऱ्यावर. गंमत अशी, की तिथल्या मेथच्या (मेथॅम्फेटामाइन या अमली पदार्थाच्या) भट्ट्यांना लागणारं स्यूडोएफेड्रिन, आपल्या सर्दीच्या गोळ्यांतलं, भारतातूनही चोरून जातं. मग कुंपण नेमकं कुणाला अडवायला?

आणि एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थाला, तर सीमा ओलांडून यावंच लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत छापा घातला, तेव्हा माल तिथल्याच कारखान्यात बनत होता. पाइप नाही, ड्रोन नाही. वीजजोडणी असलेला, रसायनं रीतसर टँकरने येणारा कारखाना. म्हणून मी लेखात रसायनांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तपासणाऱ्या निरीक्षकांचा विषय काढला होता. त्या परिच्छेदाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. जमल्यास तेवढा वाचून पुन्हा लिहा.