बिननांगरणी म्हणजे बिनविष नव्हे: सांगलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. लसूणघासाच्या (गुरांच्या चाऱ्याच्या) जुन्या ओलिताच्या रानात न नांगरता मका टोकल्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरचं तुमचं म्हणणं बाकीच्यांसाठी थोडक्यात देते: ‘ज्या इंदूरनं जगाला कंपोस्ट शिकवलं, तिथे बसून तुम्ही तणनाशक मारता आणि वर जमीन जपल्याच्या गोष्टी सांगता. चार वर्षांची लसूणघास नांगराशिवाय मोडत नाही. काळं रान कडक राहील, मका पिवळा पडेल, लष्करी अळी फुकट पोसाल. आणि दोन बिघ्यांवरून कोणाला शेती शिकवू नये.’

शेवटचं आधी घेते, कारण ते खरं आहे. दोरी लावून, पहारीनं भोकं पाडून चार बायकांनी टोकलेला मका वीस बिघ्यांवर होणार नाही.

औषधाचंही खरं आहे. मी 2,4-डी हे तणनाशक मारलं आणि लेखात ते एका ओळीत उरकलं. बिननांगरणी आणि बिनविष या दोन वेगळ्या गोष्टी, पण वाचणाऱ्याला त्या एकच वाटाव्यात अशा बेतानं मी लिहिलं होतं. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक टाळलं, त्यात माझा मोठेपणा नाही. ते परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावं असा आदेश केंद्रानं 2022 मध्ये काढला होता आणि जुन्या लसूणघासाला ते एकटं नीट मारतही नाही. मे महिन्यात शेवटचा कापा गाईंना घातला, फूट वीतभर येऊ दिली आणि मग फवारलं, कारण हिरव्या पाल्याशिवाय औषध मुळापर्यंत उतरत नाही. 2,4-डी दोन रूपांत मिळतं; त्यातलं एस्टर नव्हे, अमाइन घेतलं. एस्टरची उन्हात वाफ होते आणि शेजारी वांगी होती. पुढे दोन आठवडे तिथे ना टोकण, ना गुरं.

आता इंदूरच्या कंपोस्टवाले शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेब. ते 1924 ते 1931 इथे होते. पऱ्हाट्या, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख यांचा ढीग वरखाली करत तीन महिन्यांत खत करायची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. त्यांच्या नावानं मला बोल लावा, मी ऐकून घेईन. पण मातीत हवा खेळली पाहिजे, हाही त्यांचाच हट्ट होता, आणि लसूणघासाचं सोटमूळ ते काम फुकट करतं. ते दोन-तीन मीटर खाली जातं, मेलं की कुजतं आणि मागे नळीसारखं भोक ठेवतं. मक्याची कोवळी रोपं आमच्या काळ्या रानात पिवळी पडतात ती बहुतेकदा जुलैत पाणी तुंबून. या भोकांतून ते उतरतं. नांगर घातला की वरच्या नऊ इंचांत या नळ्या तुटतात आणि त्यांची तोंडं बुजतात. तुम्ही म्हणता तसं रान कडक होतं खरं, पण ते बुडख्यांपाशी. दोन बुडख्यांच्या मध्ये पहार सहज जात होती.

शिवाय आमच्या घासात दुसऱ्या झाडांचा रस पिऊन जगणारी अमरवेल शिरली होती. घास मोडायचं खरं कारण तेच. तिचं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. खोल गाडलं तर पुढच्या नांगरटीला परत वर येतं. वरच राहिलं तर रुजतं, चढायला झाड शोधतं, आणि मक्यावर तिचं पोट भरत नसल्यानं मरतं. नांगर टाळायला मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

माझी मोठी चूक तुमच्या पत्रात नाहीच. ती पाण्याची. वरून हिरवंगार दिसणारं ते रान खालून कोरडं ठाक होतं. चार वर्षं घासानं खोलवरची ओल उपसून घेतली होती. पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, दिला तो एकदाच, तोही घाईत, कारण मे अखेरीस आमची बोअर तासभर चालते आणि धापा टाकते. पाणी भेगांत शिरलं ते शिरलंच. पाटाजवळ वापसा छान आला, शेपटाकडे दोन इंचांखाली धूळ. तिथलं निम्मं बी रुजलं नाही, आणि उरलेल्यातलं बरंच मोरांनी उकरून खाल्लं. पावसानंतर नांग्या (रिकाम्या जागा) भरल्या, पण मागून आलेली रोपं पुढच्यांच्या सावलीतच राहिली. नांगरलं असतं तरी ती ओल कुठून आली असती? दोन हलकी पाणी आठवड्याच्या अंतरानं द्यायला हवी होती. सासऱ्यांनी सांगितलंही होतं. त्यांना मी ‘बघू’ म्हटलं.

पिवळेपणाबद्दल तुम्ही निम्मे बरोबर. न नांगरलेल्या घासाचं नत्र सावकाश सुटतं, त्यामुळे पहिले तीन आठवडे पानं फिकी होती. टोकताना थोडं डीएपी खत दिलं होतं, पुढे युरियाचा एकच हलका हात. मग मक्यानं जो रंग धरला, तो पाहून शेजारचे दुकानाचं नाव विचारायला आले.

लष्करी अळी आली, पण ती नांगरलेल्या रानांतही होती. 2018 साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता देशभर पसरली. पतंगाला बांध अडवत नाही. मात्र तिचे कोष मातीतच असतात आणि उन्हाळी नांगरटीनं ते उघडे पडतात, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. रोज सकाळी मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) बघत फिरलो, एवढंच आमचं उत्तर होतं. तरी दसऱ्याआधी घरात भुट्ट्याचा कीस दोनदा झाला.

राहिली हरळी. 2,4-डीनं तिचं पानही हललं नाही, कारण ते रुंद पानांचं औषध आहे. उलट घास मेल्यावर तिला मोकळं रान मिळालं. कुदळीनं खणून दोन टोपल्या काशा (तिची मुळं) काढल्या, तरी शेपटाकडचा कोपरा तिनं खाल्लाच. रब्बीचा गहू बाकीच्या रानात मक्याच्या धसकटांतच पेरते आहे. त्या कोपऱ्यात मात्र येत्या उन्हाळ्यात नांगर घालून काशा उन्हात वाळवणार. तेवढं श्रेय तुमचं, काका.