बिचारा जादूगार घडवताना

आपण एखाद्या भयंकर जादूगाराच्या पूर्वायुष्यावर पाच खंडांची अद्भुतकथा लिहायला बसला असाल, तर वाचकाला त्याची भीती वाटणार नाही याची पहिल्या पानापासून काळजी घ्यावी. वाचकाला त्याची कीव आली पाहिजे. त्यासाठी आई अकाली गेलेली, गुरू कपटी आणि गावकरी ठार निर्बुद्ध असावेत, म्हणजे पुढे त्याने अख्खे नगर जाळले तरी वाचक ‘लेकराचे काय चुकले?’ असे म्हणत दुसरा खंड विकत घेईल.

आर्थर राजाच्या दंतकथांतील जादूगार मर्लिनच्या जुन्या गोष्टीच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नये. 1136च्या सुमारास मॉन्मथच्या जेफ्रीने ती लॅटिनमध्ये लिहिली, तेव्हा त्या गृहस्थाला हा धंदा मुळीच उमगलेला नव्हता. व्होर्टिगर्न राजाच्या बुरुजाचे दिवसा झालेले बांधकाम रात्री जमीन गिळते आणि दरबारी मांत्रिक सांगतात, की बिनबापाच्या पोराचे रक्त चुन्यावर नि दगडांवर शिंपडा. (बुरुजाच्या पायात नरबळी दिल्याच्या दंतकथा आपल्याकडील किल्ल्यांनाही चिकटलेल्या असल्यामुळे मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही.) वेल्समधील कारमार्थेनच्या वेशीपाशी खेळता खेळता दोन मुले भांडतात, एक दुसऱ्याचा बाप काढतो आणि राजाच्या दूतांना हवे ते पोर, म्हणजे मर्लिन, सापडते. एवढ्या भांडवलावर आपण वाचकाला तीनशे पाने सहज रडवले असते.

जेफ्रीच्या गोष्टीतला हा मुलगा मात्र राजासमोर स्वतःची कर्मकहाणी सांगत नाही. पायाखाली काय आहे, असे तो मांत्रिकांनाच विचारतो आणि त्यांची बोबडी वळते. खणल्यावर तळे लागते, ते उपसल्यावर दोन पोकळ दगड आणि त्यांत झोपलेले दोन ड्रॅगन, एक पांढरा, एक तांबडा. ते झुंजू लागल्यावर राजा अर्थ विचारतो, तेव्हा कुठे मुलाला रडू फुटते, आणि तेही देशावर काय ओढवणार आहे ते दिसल्यामुळे. अश्रूंची अशी उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही.

1200च्या सुमारास फ्रेंच कवी रॉबेर द बोरोंने तर कहरच केला. त्याच्या कथेत सैतानच मर्लिनला मुद्दाम जन्माला घालतात. आईवर खटला भरल्यावर हे चिमुरडे न्यायाधीशाला भर सभेत सुनावते, की तुमचा खरा बाप गावचा पाद्री आहे, हवे तर आईला विचारा. अशा मुलाची कीव कोण करणार? आपण न्यायाधीशाला क्रूर करावे, मुलाला मुके करावे आणि खिडकीबाहेर पाऊस पाडावा.