शाहिरानं सूर किती धरायचा हे लॅपटॉप ठरवणार?

तीन दिवस झाले, डोक्यातला जाळ विझत नाही. 26 जूनला, शाहू जयंतीला, आमच्या शाहिरांचा पोवाडा होता. मागं मोठा पडदा, त्यावरची चित्रं लॅपटॉपवरच्या पॉवरपॉइंटमधून बदलायचं काम माझ्याकडं. शाहीर पोवाड्याच्या तिसऱ्या चौकात, म्हणजे तिसऱ्या भागात आले. 26 जुलै 1902, करवीर संस्थानचं गॅझेट, मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा. पडद्यावर गॅझेटचं पान. 'पन्नास टक्के' या शब्दावर शाहिरांनी सूर धरला, झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' उचललं, डफ चढला, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला... आणि गॅझेट आपोआप जाऊन राधानगरीचं धरण आलं! मी बटणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मागं घेतलं, तर 20 सेकंदांनी परत धरण.

पुढच्या रांगेत एक आजोबा मान पुढं काढून ते पान वाचत होते. पान गेलं तसं वळून माझ्याकडं बघितलं त्यांनी. ती नजर अजून टोचतेय.

कारण नंतर सापडलं. आदल्या दिवशी तालमीत कुणीतरी पॉवरपॉइंटचं 'रिहर्स टायमिंग्ज' चालवलं होतं, कुठलं चित्र किती वेळ राहिलं ते मोजणारं. शेवटी ते विचारतं, वेळा ठेवायच्या का? 'येस' म्हटलं की प्रत्येक स्लाइडच्या 'आफ्टर' चौकटीत तालमीचे सेकंद जाऊन बसतात. मग 'ऑन माऊस क्लिक'वर खूण असून काही उपयोग नाही, दोन्हींत जे आधी येईल त्यावर स्लाइड पळते. 'यूज टायमिंग्ज'ची खूण काढली की हे बंद होतं, चालू शोमध्ये 'एस' दाबलं तरी थांबतं. पण हे मला अंधारात, डफ कानाशी कडाडत असताना कोण सांगणार? अरे, तालमीत टाळ्या असतात का? वन्स मोअर असतो का? तालमीचे सेकंद खऱ्या कार्यक्रमावर लादायचेच कशाला!

आणि वेळा काढून टाकल्या तरी छळ संपत नाही. एक चित्र विरून दुसरं यायला किती वेळ लागावा, तो 'ड्युरेशन'चा आकडा आधीच भरून ठेवायचा. 2 सेकंद म्हणजे 2 सेकंद. साउंडवाल्याच्या बोटाखाली फेडर असतो, लाइटवाल्याकडं डिमर असतो. शाहिरांचा आवाज खाली येईल तसे ते हात खाली आणतात. महाराजांच्या निधनाच्या कडव्याला शाहीर कधी एका दमात पुढं जातात, कधी नुसत्या तुणतुण्यावर थांबतात. त्या थांबण्यात चित्र सावकाश काळोखात जायला पाहिजे, त्यांच्या श्वासाबरोबर. मला काय मिळतं? एक बटण. दाबलं की मघाचे 2 सेकंद. मध्येच परत दाबलं की फेड तुटतो आणि चित्र धाडकन समोर येतं. पॉवरपॉइंटवाल्यांनो, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा भरू देता, मग चालू कार्यक्रमात तोच वेग माझ्या बोटाला का देत नाही?

वर संयोजक म्हणतात, "त्यात काय, एक बटण तर दाबायचं." लई राग येतो या वाक्याचा. शाहिरांच्या खांद्यावर नजर ठेवून दोन तास बसतो मी. ते श्वास घ्यायला खांदा उचलतात तेव्हा पुढचं चित्र यायचं असतं, हे वीस कार्यक्रम बघून शिकलोय. आणि ते पान गेलं तेव्हा शाहीर अजून त्याच श्वासावर होते.